चित्र कागदावर उतरताना



पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात पळसदेव नावाचे गाव आहे. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि धरणाच्या पाण्यात जुने पळसदेव बुडाले. गावकरी दुसऱ्या जागी राहायला गेले. जुन्या गावातले पळसनाथाचे दगडी मंदिर मात्र पाण्यातच राहिले. एखाद्या उन्हाळ्यात धरणाचे पाणी फार खाली जाते, तेव्हा हे मंदिर उघडे पडते. मग बारामती, इंदापूर, भिगवण आणि दूरच्या गावांहूनही लोक ते पाहायला जातात. दगडावरची जुनी नक्षी जवळून पाहतात. जो तो खिशातून मोबाईल काढून फोटो घेतो. पाऊस पडला, धरण भरू लागले, की मंदिर पुन्हा पाण्यात जाते. त्यानंतर ज्यांना ते पाहायचे असेल, त्यांच्यासाठी फोटोच उरतात.

समजा, असा एक फोटो तुमच्याकडे आहे. मोबाईलच्या काचेवर तो फार सुंदर दिसतो. शाळेच्या प्रदर्शनात तो मोठा करून लावावा, असे तुम्हाला वाटते. तुम्ही तो व्हॉट्सॲपवरून गावातल्या फोटो स्टुडिओत पाठवता. दुसऱ्या दिवशी मोठी प्रत हातात येते आणि तुमची निराशा होते. नक्षी पुसट झालेली, खांबांच्या कडा भुरकट, पाण्यावरच्या लाटा नाहीशा. आपण लगेच स्टुडिओवाल्याला किंवा त्याच्या यंत्राला दोष देतो. पण बहुतेक वेळा दोष त्यांचा नसतो. कागदाला जे हवे होते, ते आपण पाठवलेल्या फोटोत नव्हतेच.

कागदाला काय हवे असते? हे कळण्यासाठी फोटो कशाचा बनतो, ते आधी पाहू.

तुम्ही जुन्या इमारतीत रंगीत तुकड्यांची फरशी पाहिली असेल. जवळ बसून पाहिले, तर वेगवेगळे तुकडे दिसतात. दूर उभे राहून पाहिले, तर तुकडे दिसेनासे होतात आणि वेल, पाने, फुले दिसू लागतात. डिजिटल फोटो असाच असतो. तो लहान लहान चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. अशा एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका पिक्सेलला एकच रंग असतो. त्याच्या आत आणखी काही लपलेले नसते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब तिच्यावरच उभे आहेत.

१९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा छोटा फोटो यंत्राने वाचून संगणकात घातला. त्या चित्रात आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६ पिक्सेल होते. पुढे १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याच्या चित्रात फक्त दहा हजार पिक्सेल होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज आपल्या हातातल्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलमधून निघालेल्या फोटोत एका बाजूला ४००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० पिक्सेल असतात. गुणाकार करून पाहा: एक कोटी वीस लाख!

आता कागदाकडे वळू. कागद पिक्सेलमध्ये मोजत नाहीत, इंचांत मोजतात. स्टुडिओत गेल्यावर ‘चार बाय सहा’, ‘आठ बाय बारा’, ‘बारा बाय अठरा’ असे शब्द तुमच्या कानावर येतात. हे आकडे इंचांचे असतात. तेव्हा खरा प्रश्न असा की, कागदाच्या एका इंचात किती पिक्सेल मांडायचे? थोडे मांडले, तर प्रत्येक पिक्सेल मोठा होतो आणि डोळ्याला चौकोन दिसू लागतात किंवा सगळे चित्र मऊ, भुरकट वाटते. भरपूर मांडले, तर डोळा फसतो आणि त्याला अखंड चित्र दिसते.

छपाईच्या धंद्यात इंचाला ३०० हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो आला कुठून? चांगली नजर असलेल्या माणसाने कागद डोळ्यांपासून एक फुटावर धरला, तर एका इंचातले सुमारे ३०० ठिपके त्याला सुटे सुटे दिसत नाहीत. म्हणून हातात धरून पाहायच्या फोटोसाठी हा आकडा योग्य आहे. या हिशेबाने ४ बाय ६ च्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात आणि ८ बाय १२ च्या फोटोला २४०० बाय ३६००. आपल्या मोबाईलच्या फोटोत ४००० पिक्सेल आहेत. ४००० ला ३०० ने भागा. तेरा इंचांपेक्षा थोडे जास्त उत्तर येते. म्हणजे ८ बाय १२ ची प्रत त्यातून अगदी झकास निघेल. कर्शच्या त्या बाळाचा फोटो मात्र याच हिशेबाने छापला, तर जेमतेम अर्ध्या इंचाहून थोडा मोठा होईल.

परंतु ३०० हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. तो अंतरावर अवलंबून असतो. भिंतीवर टांगलेली १२ बाय १८ ची प्रत आपण दोन-तीन फुटांवरून पाहतो. तिला इंचाला २०० पिक्सेल मिळाले, तरी ती चांगली दिसते. बारामतीच्या किंवा इंदापुरच्या चौकात लावलेले फ्लेक्सचे मोठमोठे फलक आठवा. कोणाचा वाढदिवस, कोणाचे अभिनंदन! दहा फुटांवरून पाहणाऱ्याला इंचाला सुमारे ३० पिक्सेल पुरतात. एकदा अशा फलकाच्या अगदी जवळ जाऊन पाहा. फलकावरच्या हसऱ्या चेहऱ्याचे नुसते ठिपके झालेले दिसतील. दहा पावले मागे आलात, की चेहरा पुन्हा जागेवर येतो.

आता पळसदेवच्या फोटोचे काय झाले, ते पाहू. मोबाईलमध्ये तो ४००० पिक्सेलचा होता. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला, की लवकर पोहोचावा म्हणून तो लहान केला जातो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. तोच फोटो १२ बाय १८ च्या कागदावर छापला, तर अठरा इंचांत १६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला ९० सुद्धा नाहीत. मूळ फोटो दिला असता, तर इंचाला २२२ मिळाले असते. एवढाच सगळा फरक. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये एचडी फोटो पाठवण्याची सोय झाली आहे, तिने काही प्रमाणात भागते. पण खरा उपाय साधा आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो जसाच्या तसा पोहोचतो. किंवा पेनड्राईव्हवर घेऊन स्वतः स्टुडिओत जा.

लहान करताना नेमके काय हरवते, ते तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल, कारण तुम्ही उर्दू वाचता. बे आणि पे ही अक्षरे आकाराने सारखीच. फरक फक्त नुकत्यांचा. बेच्या खाली एक नुकता, पेच्या खाली तीन. ‘बानी’ आणि ‘पानी’ हे शब्द लिहून पाहा. आता कल्पना करा, एका जुन्या शाळेच्या कोनशिलेचा फोटो तुम्ही घेतला आणि तो इतका लहान झाला, की अक्षराखाली नुसता एक काळा डाग उरला. तो एक नुकता होता की तीन? ते आता त्या फोटोत कुठेच लिहिलेले नाही. तीन नुकत्यांसाठी जे अनेक पिक्सेल होते, त्यांची सरासरी काढून एकच पिक्सेल केला गेला. तो डाग मोठा करा, गडद करा, त्याच्या कडा धारदार करा. एकाचे तीन होणार नाहीत.

संगणकाला फोटो मोठा करायला सांगितले, तर तो करतो. १६०० चे ४००० पिक्सेल करून देतो. मग हे नवे पिक्सेल येतात कुठून? तो शेजारच्या दोन पिक्सेलकडे पाहतो आणि मधला रंग स्वतः ठरवतो. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला पांढरा असेल, तर मध्ये राखाडी भरतो. त्यामुळे चौकोन दिसत नाहीत, पण नवी माहितीही येत नाही. दुधात पाणी घातल्यासारखे होते. भांडे भरते, साय वाढत नाही.

अलीकडे मोबाईलमध्ये आणखी एक प्रकार आला आहे. काही ॲप्स कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर पुसट फोटो ‘स्वच्छ’ करून देतात. ती शेजारच्या पिक्सेलवर थांबत नाहीत. आधी पाहिलेल्या लाखो फोटोंवरून अंदाज करतात आणि तिथे काय असावे, ते चक्क नव्याने रंगवतात. आपल्या कोनशिलेच्या फोटोत असे ॲप कदाचित छान तीन नुकते काढून देईल आणि ‘पानी’ लिहील, कारण तो शब्द जास्त वापरला जातो. पण कोनशिलेवर शाळेच्या संस्थापकासाठी, म्हणजे बानीसाठी, लिहिलेला मजकूर असला तर? जुन्या अल्बममधल्या नानांच्या किंवा नानींच्या फोटोचेही असेच होते. चेहरा तुकतुकीत होतो, पापण्या एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट दिसतात, आणि घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘हे आपले नाना नाहीत.’ ते बरोबर म्हणत असतात. डोळे दुसऱ्याच कोणाचे असतात. फुलाच्या किंवा ढगाच्या चित्राला असे केले तर फारसे बिघडत नाही, पण ज्या माणसाचा एकच फोटो घरात शिल्लक आहे, त्याच्या बाबतीत मला हे पटत नाही. त्यापेक्षा पुसट, पण खरा फोटो लहान आकारात छापावा.

घरातल्या जुन्या, कागदी फोटोची मोठी प्रत हवी असेल, तर मोबाईलने त्या फोटोचा फोटो घेऊ नका. ट्यूबलाईटची चमक आणि हाताची सावली त्यात येते. फोटो स्कॅनरवर ठेवून इंचाला ६०० पिक्सेल या मापाने स्कॅन करायला सांगा. २ बाय ३ इंचांचा फोटो असा स्कॅन केला, की १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात. म्हणजे ४ बाय ६ ची, मूळ फोटोच्या दुप्पट मापाची, चांगली प्रत तयार होते.

आकाराची आणखी एक अडचण सांगायला हवी, कारण तिच्यामुळे पुष्कळांची डोकी उडतात. खरोखरच! मोबाईलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद तीनास दोन या प्रमाणात. दोन्हींची बेरीज बसत नाही. ४००० बाय ३००० चा फोटो त्या कागदावर पूर्ण भरून छापायचा, तर ३००० पैकी सुमारे ३३३ पिक्सेल कापावे लागतात. यंत्र ते वरून आणि खालून सारखे कापते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या उंच मुलांचे केस जातात आणि पुढच्या रांगेतल्यांचे पाय. म्हणून कुठून कापायचे, ते स्टुडिओत देण्यापूर्वी आपणच ठरवावे. फोटो घेतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडली, तर त्याहून उत्तम.

शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज ऑनलाईन भरताना फोटो ठरावीक केबीच्या आत बसवावा लागतो. त्यासाठी तो लहान करणे योग्यच आहे. पण त्या लहान फाईलला वेगळे नाव द्या आणि मूळ फाईल तशीच ठेवा. नाहीतर पुढे ओळखपत्रासाठी प्रत काढायला जाल आणि हातात तेवढी लहान फाईलच उरलेली असेल. पासपोर्ट आकाराचा फोटो, म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, नीट छापायला सुमारे ४१३ बाय ५३१ पिक्सेल तरी हवेत.

एक गैरसमजही इथेच दूर करू. फोटोच्या फाईलमध्ये ‘७२ डीपीआय’ असे लिहिलेले दिसले, की काही जण घाबरतात आणि तिथे ३०० लिहून मोकळे होतात. पिक्सेल तेवढेच ठेवून नुसता हा आकडा बदलला, तर फोटोत काडीचाही फरक पडत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली साखर वाढत नाही. एकूण पिक्सेल किती आहेत, तेच पाहावे.

आता धार देण्याकडे वळू. संगणकावर याला ‘शार्पन’ म्हणतात. कॅमेऱ्यातून आलेला फोटो मुळातच थोडा मऊ असतो. लहान किंवा मोठा करताना तो आणखी मऊ होतो. कागदावर शाई थोडी पसरते, त्यामुळे उरलीसुरली धारही कमी होते. हे नुकसान भरून काढण्यासाठी फोटोला छापण्यापूर्वी थोडी धार द्यावी लागते. यासाठीची सर्वांत प्रसिद्ध पद्धत आहे ‘अनशार्प मास्क’. नाव ऐकून तुम्ही गोंधळाल. धार द्यायची आणि नावात ‘अनशार्प’, म्हणजे धूसर, असे कसे?

हे नाव संगणकाच्या आधीचे आहे. अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याच्या काळात कारागीर मूळ निगेटिव्हची मुद्दाम धूसर अशी उलटी प्रत काढत. ती मूळ निगेटिव्हला जोडून दोन्हींतून प्रकाश सोडत आणि नवी प्रत काढत. आश्चर्य असे, की ती नवी प्रत जास्त स्पष्ट निघे. ऑस्ट्रेलियातील वेधशाळेत काम करणारे डेव्हिड मालिन यांनी हीच युक्ती वापरून दूरच्या दीर्घिकांच्या फोटोंतील बारकावे उघड केले होते.

संगणक हेच काम आकड्यांनी करतो, आणि ते तुम्ही वहीत करून पाहू शकता. काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५ असे मानतात. मधले आकडे राखाडी रंगाचे. मंदिराचा काळपट खांब आणि मागचे उजळ पाणी यांच्या सीमेवर सहा पिक्सेल ओळीने असे आहेत असे समजा: ५०, ५०, ८०, १७०, २००, २००. खांबाकडून पाण्याकडे रंग हळूहळू बदलतो, म्हणून कड मऊ दिसते. आता मधल्या चार पिक्सेलची धूसर किंमत काढा. प्रत्येक पिक्सेल आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी घ्या. उत्तरे येतील ६०, १००, १५०, १९०. मूळ आकड्यांतून ही वजा करा: उणे १०, उणे २०, अधिक २०, अधिक १०. हा फरक मूळ आकड्यांत मिळवा. नवी ओळ तयार झाली: ५०, ४०, ६०, १९०, २१०, २००. पाहिलेत? कडेजवळचा काळा अधिक काळा झाला आणि पांढरा अधिक पांढरा. मधली उडी आधी ९० ची होती, ती १३० ची झाली. डोळ्याला वाटते, कड धारदार झाली.

पण त्या ओळीकडे पुन्हा एकदा बघा. मूळ फोटोत २१० आणि ४० हे आकडे कुठेच नव्हते. ते आपण निर्माण केले. म्हणजे धार देणे हीसुद्धा एक प्रकारची चलाखी आहे. थोडी असेपर्यंत ती डोळ्याला मदत करते. जास्त झाली, की खांबाभोवती खडूने आखल्यासारखी पांढरी रेघ दिसू लागते.

आपल्या भागातले फोटो या बाबतीत चांगली परीक्षा घेतात. हिवाळ्यात भिगवण आणि कुंभारगाव इथल्या उजनीच्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उतरतात. मराठीत त्यांना रोहित पक्षी म्हणतात. त्यांच्या लांब मानेला आणि पंखांना थोडी धार दिली, तर चित्र खुलते. पण मागचे पाणी आणि आकाश सपाट असते. तिथे कॅमेऱ्याचे बारीक दाणे असतात, विशेषतः पहाटेच्या कमी उजेडात. जास्त धार दिली, की ते दाणेच उठून दिसतात आणि आकाशाला गोवर आल्यासारखे वाटते. बारामती तालुक्यात सुपे इथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. तिथे चिंकारा हरणे आहेत. तपकिरी हरीण वाळलेल्या गवतात उभे असते. अशा फोटोला अंदाधुंद धार दिली, तर गवताच्या काड्यांच्या तारा होतात आणि त्या तारांच्या गर्दीत हरीणच हरवते.

म्हणून अनशार्प मास्कमध्ये तीन गोष्टी आपल्या हातात दिलेल्या असतात. गिंप हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर उघडले, तर त्यातही त्या सापडतील. पहिली म्हणजे प्रमाण: धार किती द्यायची. दुसरी म्हणजे त्रिज्या: कडेपासून किती पिक्सेलपर्यंत फरक करायचा. आपण वहीत केले, त्यात ती एक पिक्सेल होती. हातात धरून पाहायच्या फोटोला एकाच्या आसपासचीच त्रिज्या बरी. तिसरी म्हणजे मर्यादा: शेजारच्या पिक्सेलमध्ये किती फरक असेल तरच हात लावायचा. मर्यादा थोडी वाढवली, की आकाशातले दाणे आणि माणसांच्या गालांची कातडी सुटते; फक्त ठळक कडांना धार मिळते.

धार देण्याची वेळही महत्त्वाची आहे. आधी कापणे, मग कागदाच्या मापात आकार बदलणे, आणि धार सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा केला, तर काय होईल? समजा, ४००० पिक्सेलच्या फोटोला एक पिक्सेल त्रिज्येची धार दिली आणि नंतर तो १८०० पिक्सेलचा केला. ती बारीक रेघ सरासरीत विरघळून जाते, मेहनत फुकट जाते. फोटो धार दिल्यावर मोठा केला, तर उलट होते. रेघही फोटोबरोबर जाड होते. त्यातच पुष्कळ मोबाईल फोटो घेताना स्वतःच थोडी धार देऊन ठेवतात. तेव्हा आपला हात सुरुवातीला आखडताच ठेवावा.

धार किती, हे शेवटी कागदावर ठरते. कागद, शाई, कलम हे शब्द उर्दूप्रमाणे मराठीतही आहेत, आणि तुमची ‘तस्वीर’ मराठी घरात भिंतीवर ‘तसबीर’ होऊन बसली आहे. पण सगळे कागद सारखे नसतात. वर्तमानपत्राचा कागद शाई पिऊन टाकतो, ठिपका पसरतो. भिंगातून वर्तमानपत्रातला फोटो पाहा. लहानमोठ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतील. वर्तमानपत्रात एका इंचात साधारण ८५ ते १०० रांगा असतात, गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० किंवा त्याहून जास्त. छपाईवाले एका रांगेमागे दोन पिक्सेल मागतात. दीडशेचे दुप्पट तीनशे! डोळ्याच्या हिशेबाने आलेला आकडा इथे दुसऱ्या वाटेने पुन्हा भेटतो.

असा गुळगुळीत कागद बनवणारा मोठा कारखाना इंदापूर तालुक्यातच, भिगवणजवळ, १९९० च्या दशकात उभा राहिला. कागदावर चिनी माती आणि कॅल्शियम कार्बोनेट यांसारख्या पांढऱ्या भुकटीचा पातळ लेप देतात. लेपामुळे कागदाची छिद्रे बुजतात, शाई वरच राहते आणि ठिपका आपल्या जागी टिकतो. त्यामुळे अशा कागदासाठी धार कमी लागते. शाळेच्या वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ आर्ट पेपरवर आणि आतली पाने साध्या कागदावर असतील, तर एकच फोटो दोन्हीकडे वापरताना आतल्या पानासाठी तो थोडा जास्त धारदार करावा. संगणकाच्या पडद्यावर तेव्हा तो किंचित कडक दिसेल. दिसू द्या. शाई पसरली, की तो कडकपणा जिरतो. फोटो स्टुडिओच्या चकचकीत कागदावर मात्र एवढे चालत नाही. तिथे पडद्यावर दिसणारी पांढरी रेघ कागदावरही दिसते.

पडद्यावरून हे सगळे नेमके ओळखणे जाणत्या माणसालाही कठीण जाते. त्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. पळसदेवची १२ बाय १८ ची प्रत काढायची आहे ना? मोठ्या मापाची फाईल पूर्ण तयार करा. मग तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे नक्षीचा खांब आणि मागचे थोडे पाणी, ४ बाय ६ इंचांचा तुकडा कापून वेगळा ठेवा. इंचाला २२२ पिक्सेल असतील, तर हा तुकडा ८८८ बाय १३३२ पिक्सेलचा होईल. तेवढाच तुकडा आधी त्याच प्रकारच्या कागदावर छापून घ्या. मोठी प्रत वाया घालवण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते. तो तुकडा भिंतीला लावा आणि दिवसाच्या उजेडात, लोक जिथून पाहणार तिथे उभे राहून पाहा. खांबाभोवती पांढरी रेघ दिसली, तर धार कमी करा. नक्षी अजून झोपलेली वाटली, तर थोडी वाढवा. दोन तुकडे वेगवेगळ्या धारेचे काढून शेजारी लावले आणि वर्गातल्या मित्रांना विचारले, तरी चालेल. मग मोठी प्रत छापायला द्या. फाईलच्या नावात ‘१२ बाय १८’ असे लिहून ठेवा, आणि तिच्याजवळच, हात न लावलेली, ४००० पिक्सेलची मूळ फाईलही जपून ठेवा.